ऊस, ओस आणि लागलं का

आमच्या शाळेत कराटेचा वर्ग सुरू झाला त्या दिवशी पहिला प्रश्न निघाला तो उच्चाराचा. उच्चाराचा प्रश्न निघाला म्हणजे तो माझ्याकडे येणार हे ओघाने आलेच, कारण शाळेत मराठी मी शिकवते.

पाथर्डी तालुक्याच्या पूर्वेकडच्या एका गावातील ही शाळा. मुलींना स्वसंरक्षणाचे धडे द्यावेत असे वरून कळवण्यात आले, आणि नगरहून एक तरुण प्रशिक्षक मोटारसायकलवर आठवड्यातून दोनदा येऊ लागले. त्यांचा गणवेश पांढराशुभ्र होता. तो ते पिशवीत घडी करून आणत आणि प्रयोगशाळेत बदलत, कारण आमच्या धुळीच्या रस्त्याने तो अंगावर घालून आले असते तर गणवेशाचा रंग पोहोचेपर्यंत ठरला असता. मुली तयार झाल्या तशी मुलांनीही आम्हालाही शिकवा म्हणून मागणी केली, आणि वर्ग सगळ्यांचा झाला.

प्रशिक्षकांनी मुलांना रांगेत उभे केले व सांगितले, "सुरुवातीला आणि शेवटी कमरेतून वाकायचे आणि म्हणायचे, ओस. हा जपानी शब्द आहे. त्याचा अर्थ, होय, समजले, सहन करीन, पुन्हा करीन." एवढे सगळे एका अक्षर-दीडअक्षरात बसवणाऱ्या भाषेबद्दल मला आदर वाटला. ते स्वतः वाकले आणि गंभीर आवाजात म्हणाले, "ओस."

समोरची रांग वाकली आणि एका सुरात म्हणाली, "ऊस."

प्रशिक्षकांनी पुन्हा सांगितले. मुलांनी पुन्हा ऊसच म्हटले, पहिल्यापेक्षा मोठ्याने. यात मुलांचा खट्याळपणा नव्हता, हे मी अधिकाराने सांगू शकते. यातल्या निम्म्या मुलांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, गोदावरीकाठच्या कारखान्यांकडे, थेट पुणतांब्याच्या बाजूपर्यंत. ज्या घरांत वर्षाचे दोनच भाग असतात, उसाच्या आधीचा आणि उसाच्या नंतरचा, त्या घरांतल्या कानाला हा शब्द आधीपासून ठाऊक असतो. ओळखीचा शब्द दारात उभा असला की तो अनोळखी शब्दाला आत येऊ देत नाही. शुद्धलेखन तपासताना मी हे रोज पाहते.

"मॅडम, तुम्ही जरा बघता का?" प्रशिक्षक मला म्हणाले. मधल्या सुट्टीत मी फळ्यावर 'ओ' आणि 'ऊ' शेजारी शेजारी लिहिले. 'ऊ' म्हणताना ओठ पुढे येतात आणि तोंड जवळजवळ मिटते. 'ओ' म्हणताना ओठ गोल राहतात पण आत जागा असते. मुलांनी एकमेकांच्या तोंडात डोकावून खात्री करून घेतली. पुढच्या वर्गाला साऱ्या मैदानाने स्वच्छ, गोल, निर्दोष 'ओस' म्हटले. प्रशिक्षकांचे डोळे भरून आले की काय असे मला वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा समितीचे अध्यक्ष शाळेत आले. ते वयस्कर, मितभाषी गृहस्थ. मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून त्यांनी चहा पूर्ण संपवला आणि मग विषय काढला.

"गुरुजी, काल म्या रस्त्यानं चाललो हुतो. साळंची समदी पोरं एका सुरात 'ओस, ओस' म्हनत हुती."

"तो जपानी नमस्कार आहे," मुख्याध्यापक म्हणाले.

"आसंल. पर ओस म्हंजी काय, ह्ये मराठीत आमाला ठावं हाय. दिवाळी झाली की गाव पडतंयच की ओस. त्याला पोरांच्या तोंडून आवतान कशाला?"

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिले. मी शब्दकोश मनातल्या मनात उघडला आणि मिटला. अध्यक्षांचे म्हणणे बिनचूक होते. ओस म्हणजे ओसाड, रिकामे, निर्मनुष्य. आठवड्यातून दोनदा शाळेच्या मैदानात असे ओरडणे कोणत्याही गावाने ऐकून घेतले नसते.

"आधी काय म्हनत हुती पोरं?" अध्यक्षांनी विचारले.

"ऊस," मी म्हणाले.

"मग त्येच म्हनू द्या की. ग्वाड तरी हाय."

अशा रीतीने आमच्या शाळेत कराटेचा नमस्कार 'ऊस' असा अधिकृतपणे ठरला. प्रशिक्षक पुढचे काही दिवस उदास होते. नगरला त्यांच्या गुरूंच्या कानावर हे गेले तर काय, अशी त्यांना धास्ती होती. त्यानंतर मात्र त्यांनी एक शहाणपणाचा निर्णय घेतला. बाकीच्या जपानी आज्ञा त्यांनी मुलांच्या हाती दिल्याच नाहीत. सराव सुरू करताना 'सुरू' आणि थांबवताना 'थांबा', हे दोन मराठी शब्द त्यांनी कायम केले. या दोन शब्दांचे महत्त्व पुढे फार वाढले.

मुली असलेल्या वर्गाला एक शिक्षिका हजर असावी असा नियम होता, म्हणून मी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसत असे. दुसऱ्याच आठवड्यात प्रशिक्षक म्हणाले, "मॅडम, आमच्यात प्रेक्षक नसतो. जो मैदानात, तो सरावात." पुढच्या वर्गापासून मी साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालून, पायांत खेळाचे बूट चढवून, रांगेच्या शेवटी उभी राहू लागले. मुलांनी या बदलावर काहीही मत व्यक्त केले नाही. शिक्षकाला आयुष्यात मिळणाऱ्या मोठ्या सौजन्यांपैकी ते एक होते.

आमचा पहिला धडा पोटाचा होता. "पोट घट्ट करा," असे प्रशिक्षक म्हणताच साऱ्या मुलांनी पोट पाठीला लागेपर्यंत आत ओढले, छाती फुगवली आणि श्वास कोंडून धरला. फोटो काढताना करतात तसे. मीही तेच केले होते, हे सांगायला हरकत नाही.

"हे ओढलेले पोट झाले," प्रशिक्षक म्हणाले. "मला घट्ट पोट हवे आहे."

हा फरक मला ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकासारखा वाटला: एकदा कळला की सोपा, कळेपर्यंत अशक्य. त्यांनी उपाय सांगितला. पोटावर हात ठेवायचा आणि खोकायचे. खोकताना हाताखाली जे कडक होते, ते घट्ट पोट. तेवढेच, खोकल्याशिवाय करायचे. आधी अर्थातच खोकून पाहणे आवश्यक होते, म्हणून सारे मैदान खोकू लागले. मुख्याध्यापक खोलीतून बाहेर आले, क्षणभर उभे राहिले, खिशातून मास्क काढून लावला आणि परत आत गेले.

मोठ्या मुलांनी मोबाईलवर काही पाहिलेले होते. "सर, आमच्या पोटावर उभं राहा," अशी त्यांची मागणी होती. एकाने तर त्यासाठी वर्गातला सर्वांत जाड मित्रही नेमून ठेवला होता. प्रशिक्षकांनी साफ नकार दिला. वाढत्या वयात पोटावर मार खाऊन पोट पक्के होत नाही, नुसते दुखते, असे ते म्हणाले. पोट पक्के होते ते रोजच्या थोड्या व्यायामाने आणि योग्य वेळी श्वास सोडण्याने. फटका येतो त्या क्षणी तोंडाने जोरात श्वास बाहेर टाकला की पोट आपोआप आवळते. तोच श्वास आत घेत असताना हलका धक्काही झोंबतो. श्वास सोडताना आवाज करायचा असतो. प्रशिक्षकांनी त्याचाही एक जपानी नमुना करून दाखवला, पण मुलांकडे बैल हाकण्याचा 'हाईक्' तयारच होता आणि तो जास्त चांगला होता.

व्यायामातला सर्वांत कठीण प्रकार म्हणजे फळी. कोपरे आणि पायांची बोटे जमिनीला, बाकीचे शरीर फळीसारखे सरळ. वेळ मोजण्याचे काम माझ्याकडे आले, तेही फळीत राहूनच. आकडे म्हणत राहिले तर मुले पुढच्या आकड्याकडे आशेने पाहतात असे माझ्या लक्षात आले. म्हणून मी विभक्तीचे प्रत्यय म्हणवून घेऊ लागले. द्वितीया, स, ला, ते, स, ला, ना, ते. तृतीया, ने, ए, शी, नी, शी, ई, ही. यात दोन विषय एकदम होत. बहुतेक जण चतुर्थीला थरथरू लागत, पंचमीच्या 'ऊन, हून'ला कमरेतून खाली येत आणि षष्ठीच्या 'चा, ची, चे'ला मातीवर पालथे पडत. सप्तमीपर्यंत पोहोचणाऱ्याला वर्गात मान होता. संबोधनापर्यंत कोणीच गेले नव्हते. मी स्वतः बराच काळ तृतीयेत होते.

पोटानंतर आला समोरासमोरचा सराव. हातांत मोजे घालून दोघांनी एकमेकांसमोर उभे राहायचे आणि छातीपासून कमरेपर्यंतच्या भागाला हलका, आवरलेला ठोसा लावायचा. प्रशिक्षक म्हणत, "समोरचा तुमचा शत्रू नाही. तो आहे म्हणून तुम्हाला सराव मिळतो. त्याच्यावर रागवायचे नाही आणि त्याला घाबरायचेही नाही. ठोसा लागला किंवा लावला, तरी हात खाली येता कामा नयेत आणि नजर हलता कामा नये. 'थांबा' म्हणेपर्यंत काही संपलेले नसते."

हे सर्वांना लवकर समजले. एकीला सोडून.

ती आठवीत होती. अंगाने किरकोळ, हाताने अतिशय चपळ. तिचा ठोसा कधी निघाला हे समोरचीला ठोसा लागल्यावरच कळे. पण ठोसा लागला रे लागला की ती दोन्ही हात खाली टाकी, पुढे वाकून समोरचीच्या तोंडाकडे पाही आणि मनापासून विचारी, "लागलं का गं?"

तिची नेहमीची जोडीदार म्हणजे गिरणीवाल्यांची मुलगी. ती दणकट आणि सरळ स्वभावाची. ती सरळ उत्तर देई, "न्हाई गं," आणि ठोसा मारी. इतका सभ्य पराभव मी दुसरा पाहिलेला नाही. वर्गाने त्या आठवीतल्या मुलीचे नाव 'लागलंका' असे ठेवले. जोडशब्द म्हणून ते मला निर्दोष वाटले, म्हणून मी हरकत घेतली नाही. शिवाय तिलाही ते आवडत असावे, कारण हाक मारली की ती हसून वळे.

प्रशिक्षकांनी तिला समजावले, रागावले, आणि शेवटी दातांना लावायचे रबरी गार्ड दिले. तोंड भरलेले असले म्हणजे बोलता येणार नाही, असा त्यांचा हिशेब. तिने पहिला ठोसा लावला, हात टाकले आणि त्या गार्डमधून विचारले, "ळागळं ता घं?" गिरणीवालीला ते कळायला वेळ लागला, एवढाच काय तो फायदा झाला.

इथवर ही गंमतच होती. दसरा झाला आणि एके दुपारी तिची आई शाळेत आली.

शिक्षकखोलीच्या दारात ती उभी राहिली. उन्हातून आलेली, पदर कमरेला खोचलेला. मी खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही. खिडकीबाहेर मैदानात वर्ग सुरू होत होता आणि त्याच क्षणी सारी रांग वाकून गरजली, "ऊस."

तिने मान वळवून ऐकले आणि माझ्याकडे पाहिले.

"बाई, म्या हिला साळंत घातली ती उसातून सुटावी म्हनून. आन तुमी हितं तिला वाकून वाकून ऊस म्हनाया लावताय व्हय?"

मी शब्दाची व्युत्पत्ती सांगितली. तिने ती शांतपणे ऐकून घेतली.

"जपानात बी तोडनी असती का?"

"तसे नाही, ताई. तो नुसता नमस्कार आहे."

"बरं," ती म्हणाली. "मी सांगाया आलते, की यंदा पोरीला संगं न्हेनार हाय. तिचं नाव तेवढं राहू द्या साळंत."

पालक तोडणीला गेले की मागे राहणाऱ्या मुलांसाठी आमच्या शाळेतच हंगामी वसतिगृह चालते. जेवण, अभ्यास, झोपणे सगळे तिथेच. मुलगी आठवीत, अभ्यासात बरी. नेली की तिचे अर्धे वर्ष जाणार, आणि एकदा अर्धे वर्ष गेलेल्या मुली परत येतात तेव्हा बाकावर पूर्वीच्या जागी बसत नाहीत, मागे बसतात, आणि मग एक दिवस तिथेही दिसत नाहीत. मी हे सारे तिला सांगितले. तिला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत होते.

"शिक्षनाचं मला कळतं, बाई. मला भ्या वाटतं ते निराळं. गेल्या साली हिच्या चुलतीकडं ठिवली हुती. शेजारच्या पोरानं ढकलून दिली, गुडगा फुटला. आन ही उठून त्यालाच इचारती, लागलं का रं. आता मोठी झाली. म्या तिकडं उसाच्या फडात, आन ही हितं कुनी बी ढकलायचं आन हिनं त्याचीच इचारपूस करायची. माजा डोळा कसा लागावा?"

"ती कराटे शिकते आहे," मी म्हणाले.

"काय शिकली?"

आम्ही दोघींनी खिडकीतून पाहिले. मैदानात तिच्या मुलीने गिरणीवालीच्या बरगडीला एक देखणा ठोसा लावला, हात खाली टाकले आणि वाकून काहीतरी विचारले. गिरणीवालीने उत्तर दिले आणि ठोसा दिला.

"बगा," आई म्हणाली.

जाताना दारात ती थांबली. "तिचा बा म्हनला, तूच ठरीव. तो बैलं बगाया घोडेगावच्या बाजाराला गेलाय. ट्रक दिवाळी झाली की यील. तवर पोरीनं ह्ये सोडल्यालं माज्या डोळ्यानं दिसलं, तर ठिवते. न्हाईतर न्हेते."

मुलीला हे घरी कळलेच. पुढच्या वर्गापासून ती फळीच्या व्यायामात पंचमी ओलांडून जाऊ लागली. दात आवळून, डोळे मिटून, ती षष्ठीतून सरकत असे, आणि तिच्या नाकाच्या टोकावरून घाम मातीत पडत असे. सामन्यात मात्र प्रश्न तसाच येई. तो तिच्या तोंडून येत नव्हता, आणखी कुठून तरी खोलातून येत होता.

व्याकरणाने सुटत नाही अशी अडचण जगात थोडीच असते, असा माझा समज आहे. मी तिला वर्गात थांबवून घेतले आणि फळ्यावर 'सुरू' आणि 'थांबा' हे दोन शब्द अंतर ठेवून लिहिले.

"या दोन शब्दांच्या मध्ये जे घडते, ते एक वाक्य आहे असे समज. प्रश्नचिन्ह वाक्याच्या मध्ये देतात का?"

"न्हाई बाई. शेवटाला."

"मग तुझा प्रश्न कुठे यायला हवा?"

तिने उठून 'थांबा'च्या पुढे बोट ठेवले. मला समाधान वाटले. मग ती विचारात पडली.

"पर बाई, तवर तिचं दुखायचं थांबलं आसंल."

यावर व्याकरणात उत्तर नव्हते. मी ते प्रशिक्षकांना विचारले. ते म्हणाले, "थांबले असेल तर विचारायची गरजच नाही. नसेल थांबले, तर मग जरूर विचार. आम्ही कुणी माणुसकी सोडायला सांगत नाही." एवढे बोलून ते थबकले. त्यांच्या काहीतरी लक्षात आले होते. त्यांनी तिला पोटावर हात ठेवायला लावला. "आता जोरात श्वास सोड, पोट घट्ट ठेव, आणि तसेच ठेवून म्हण, लागलं का."

तिने म्हणून पाहिले. शब्द निघेना. श्वास पूर्ण बाहेर गेलेला, पोट आवळलेले, नुसते ओठ हलत होते. मीही करून पाहिले आणि मलाही ते जमले नाही. घट्ट पोटाने प्रश्न विचारता येत नाही. प्रश्न विचारायला पोट सैल सोडावे लागते. हा शोध आम्हा तिघांना प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात लागला, आणि मला तो शाळेतल्या अनेक विषयांना लागू पडणारा वाटतो.

त्यानंतर तिने एकच गोष्ट घोटली. ठोसा, 'हाईक्', घट्ट पोट, वर हात. ठोसा, 'हाईक्', घट्ट पोट. कधी जमे, कधी न जमे. जमले नाही की ती स्वतःच्याच तोंडावर मोजा ठेवी.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी पहिल्या पट्ट्याची परीक्षा ठेवली होती. मी निरोप पाठवला होता, म्हणून आई आली आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसली. तिच्या शेजारी अध्यक्ष बसले. मुख्याध्यापक मास्क न लावता आले होते.

आधी फळी झाली. प्रत्यय म्हणण्याचा आवाज मैदानभर चढत गेला आणि षष्ठीला एकेक करून विरला. "ह्यो कसला मंतर?" आईने अध्यक्षांना विचारल्याचे मला मातीवरून ऐकू आले. मी तोवर चतुर्थीपर्यंत मजल मारून पडलेली होते. शेवटी एकच बारीक आवाज उरला. सप्तमी, त, ई, आ, त, ई, आ. मग ती मुलगी पालथी पडली.

नंतर सामना. समोर गिरणीवाली. प्रशिक्षक म्हणाले, "सुरू."

पहिला ठोसा गिरणीवालीचाच लागला, पोटावर. "हाईक्," असा श्वास गेला आणि आमची मुलगी जागेवरून हलली नाही. मग तिचा हात निघाला. तो लागल्यावर गिरणीवाली सवयीने थांबली. तिने 'न्हाई गं'ची तयारी केलेली चेहऱ्यावर दिसत होती. ती प्रश्नाची वाट पाहत होती आणि प्रश्न येत नव्हता. तिच्या डोळ्यांत आधी आश्चर्य आले, मग थोडी काळजी, आणि तेवढ्यात दुसरा ठोसा आला.

"थांबा," प्रशिक्षक म्हणाले.

मुलीने हात खाली घेतले, वाकून "ऊस" म्हटले, आणि मगच विचारले, "लागलं का गं?"

"लागलं की," गिरणीवाली छाती चोळत म्हणाली. हे उत्तर तिने प्रथमच दिले होते.

मी वळून पायरीकडे पाहिले. आई उठली होती, पण तिच्या चेहऱ्यावर मान्यता नव्हती.

"मैतरीन हाय ती हिची," ती म्हणाली. "मैतरनीचं काय. चार दिस ठरवून केलं आसंल." तिने पदर पुन्हा घट्ट खोचला आणि ती सरळ मैदानात आली. "मला दे म्हनावं ठोसा."

प्रशिक्षक गोंधळले. परीक्षेच्या नियमांत आई बसत नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिले. नियमाला अपवाद असतात हे मी आयुष्यभर शिकवत आले आहे, म्हणून मी मान हलवली. ते क्षीण आवाजात म्हणाले, "सुरू."

मुलगी हात वर धरून उभी राहिली. आईवर हात टाकणे तिला शक्य नव्हते आणि तिने तो टाकलाही नाही. ती फक्त उभी राहिली, मोज्यांच्या वरून आईकडे पाहत. आई दोन पावले पुढे आली आणि अडून बसलेल्या बैलाला वळवताना खांदा देतात तसा तिने मुलीला खांदा दिला. मनापासून दिला. फडात मोळ्या उचलणाऱ्या बाईचा खांदा होता तो. मैदानातल्या सगळ्यांनी श्वास रोखला, जे आम्हाला करू नका म्हणून शिकवले होते.

"हाईक्," एवढाच आवाज झाला. मुलीचा एक पाय मातीत मागे घसरला, रेघ उमटली आणि ती तिथे थांबली. पडली नाही. हात वर, नजर समोर.

आईचा हात मात्र झटकन पुढे गेला. मुलीच्या गालाला हात लावून, वाकून तिच्या तोंडाकडे पाहत ती म्हणाली, "लागलं का गं?"

तोच स्वर. तेच वाकणे, तोंडाकडे पाहण्याची तीच रीत. आधी गिरणीवाली हसली, तिच्या मागोमाग सारी रांग हसू लागली, अध्यक्षांनी टोपी काढून तोंडापुढे धरली. आम्ही इतके महिने जे मुलीच्या पोटात शोधत होतो, ते मैदानात आपल्या पायांनी चालत आले होते.

मुलगी हसली नाही आणि तिने उत्तरही दिले नाही. तिचे हात वरच होते.

"अगं, बोल की. लागलं का?" आई आता खरोखर घाबरली होती.

मोज्यांमागून बारीक आवाज आला, "सरांनी थांबा म्हनलं न्हाई अजून."

प्रशिक्षकांना हसण्यातून सावरायला वेळ लागला. ते म्हणाले, "थांबा." तेव्हा मुलीने हात खाली घेतले, वाकून "ऊस" म्हटले आणि ती म्हणाली, "न्हाई लागलं, आये. तुला?"

आईने खांदा चोळला. घोडेगावच्या बाजारात बैलाच्या पाठीवर हात ठेवून पारख करतात तसा तिने मुलीच्या पोटावर हात ठेवला आणि दाबून पाहिले. नंतर ती माझ्याकडे वळली.

"ठिवते हितं. जेवनाचं बगा, वाडल्याबिगर घ्यायची न्हाई ही." थोडे पुढे गेल्यावर तिला आठवले. "आन बाई, त्यो ऊस तेवढा बदला."

मी अध्यक्षांकडे पाहिले. अध्यक्षांनी आकाशाकडे पाहिले. दुसरा शब्द कोणता आहे हे आम्हा दोघांना ठाऊक होते.

दिवाळी झाली. ट्रक आले, भांडीकुंडी, गोधड्या, कोयते आणि माणसे भरून निघून गेले. गल्ल्यांतल्या बऱ्याच दारांना कुलपे लागली. सुट्टीनंतरच्या पहिल्या वर्गाला मैदानात रांग अर्धीच होती. प्रशिक्षक समोर उभे राहिले, वाकले आणि विसरून आपल्या मूळ उच्चारात म्हणाले, "ओस." मग त्यांनी मान वर करून रिकाम्या जागांकडे पाहिले आणि ओशाळले. उरलेल्या मुलांनी मोठ्याने "ऊस" म्हणून त्यांना सांभाळून घेतले. त्यात लागलंका सर्वांत पुढे होती.

वसतिगृहातल्या मुलांना रविवारी दुपारी माझ्या मोबाईलवरून घरच्यांशी बोलता येते. पहिल्या रविवारी तिच्या आईचा फोन आला. मी स्पीकर लावून मोबाईल तिच्या हाती दिला. ती ताठ उभी राहिली, पाय जुळवले, कमरेतून वाकली आणि सवयीने म्हणाली, "ऊस."

पलीकडून वाऱ्याचा आणि उसाच्या पाचटाचा आवाज येत होता.

"हाय की," आई म्हणाली. "लई हाय. नजर पोचंना एवढा हाय. तू जेवलीस का?"